फायरप्लेसची कोरीव चौकट: सिंह लाकडाचे, मग माळ कशाची?

चौकटवाली: फायरप्लेसभोवतीची ओकची जुनी चौकट घेतली. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, 'सोळाव्या शतकातली.' दोन्ही खांबांवर सिंहमुखं, वर चार थर रंग. डाव्या सिंहाच्या जबड्यात करंगळी जाते, आत पटाशीचे ओरखडे हाताला लागतात. आडव्या पट्टीवरच्या फुलांच्या माळेला मात्र बारीक भेगा, आणि काल एक पान तुटलं तर आत लाकडाच्या रेषा नाहीत, नुसता तपकिरी खडू! फसले का मी? रंग काढायला एकजण कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवू म्हणतोय.

रंधा: ते कॉम्पो. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचं तेल मळून साच्यात दाबायचं, मऊ असतानाच लाकडावर चिकटवायचं. पुढे आकसतं, म्हणून भेगा. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमच्या काळापासून भल्याभल्या घरांत हेच लावलंय, तेव्हा नाक मुरडू नका. हौद मात्र अजिबात नको! माळ मऊ होऊन गळेल, सांध्यांतला सरस सुटेल आणि ओक काळा पडेल तो वेगळाच. कोरडं घासूही नका, एवढ्या जुन्या रंगात शिसं असतं.

भुस्सा: मागची बाजू पाहा. करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल करवत, म्हणजे सोळावं शतक विसरा. एकोणिसाव्या शतकात त्या जुन्या रेनेसाँ शैलीची नक्कल जोरात होती. पटाशीच्या ओरखड्यांवरही भाळू नका. जॉर्डन नावाच्या इंग्रजाच्या कोरीवकाम यंत्राचं पेटंट 1845 चं. लंडनच्या पार्लमेंटचं लाकूडकाम त्यावर झालं. यंत्र ढोबळ आकार काढायचं, शेवटचा हात माणूसच फिरवायचा.

रंधा: आणि बसवताना आगीपासून अंतर ठेवा. अमेरिकी नियमांत फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूड चालत नाही. तुमच्याकडचा नियम आधी बघा.

चौकटवाली: टॉर्च घेऊन मागे शिरले. कमानीच आहेत, स्पष्ट. विकणाऱ्याला काय बोलायचं ते बोलेन. पण डाव्या सिंहाच्या आयाळीला सात बटा, उजव्याच्या सहा, आणि उजव्याचं नाक जरा वाकडं. हे यंत्राचं काम वाटत नाही हो मला. हौदवाल्याला 'नको' असं कळवलंय.