'बाय' नक्की कुठे वापरायचा? मेलमधली चार वाक्यं तपासून हवी आहेत

नटबोल्ट

परदेशी ग्राहकाला जाणाऱ्या मेलमध्ये इंग्रजी 'बाय' हा शब्द दर दोन ओळींनी येतो आणि दर वेळी तिकडून उलट प्रश्न येतो. शब्दकोशात 'ने, कडून, पर्यंत, जवळ, प्रमाणे' असे अर्थ एका ओळीत दिलेत, पण कुठला कधी ते काही कळत नाही. पाठवलेली वाक्यं आणि मला काय म्हणायचं होतं ते खाली देतो.

१) 'आय विल बी ऑन लीव्ह बाय फ्रायडे.' शुक्रवारपर्यंत रजेवर आहे.
२) 'प्लीज सेंड द ड्रॉइंग्ज टिल मंडे.' सोमवारपर्यंत ड्रॉइंग्ज पाठवा. (इथे 'बाय' मुद्दाम टाळला.)
३) 'द रेट हॅज बीन रिड्यूस्ड बाय १८० रुपीज.' दर २०० होता, तो १८० केला.
४) 'द पॅनेल वॉज ओपन्ड बाय स्क्रूड्रायव्हर.' स्क्रूड्रायव्हरने उघडलं.

व्याकरणाचं पुस्तक सुचवू नका. लिहितालिहिता तपासता येईल अशी युक्ती असेल तर जाणकारांनी सांगावी.

खडूफळा

पहिली तीन वाक्यं व्याकरणात बसतात, घोटाळा तिथेच आहे. स्पेलचेक त्यांना हात लावणार नाही, पण अर्थ भलताच निघतो. १ चा अर्थ होतो 'शुक्रवारपर्यंत माझी रजा सुरू झालेली असेल', म्हणजे तुमच्या नेमका उलट. २ चा अर्थ 'सोमवार उजाडेपर्यंत ड्रॉइंग्ज पाठवत राहा'. ३ प्रमाणे तुम्ही माल २० रुपयांना विकायला काढलाय.

मुळात आपल्या 'पर्यंत'मध्ये दोन वेगळी कामं आहेत. 'पाचपर्यंत थांब' यात थांबणं पाच वाजेतो चालूच राहतं. 'पाचपर्यंत दे' यात देणं एकदाच होतं आणि संपतं, पाच ही फक्त शेवटची वेळ. मराठीत क्रियापदावरून आपोआप कळतं. इंग्रजीत पहिल्याला 'अंटिल' किंवा 'टिल' आणि दुसऱ्याला 'बाय'.

युक्ती अशी: 'पर्यंत'च्या जागी 'उशिरात उशिरा' घालून मराठी वाक्य म्हणून बघा. 'उशिरात उशिरा सोमवारी ड्रॉइंग्ज पाठवा' हे चालतं, म्हणून 'बाय मंडे'. 'उशिरात उशिरा शुक्रवारी रजेवर आहे' हे कानाला खटकतं, तिथे 'अंटिल'. सेंड, सबमिट, फिनिश, रीच, पे, रिप्लाय यांच्याबरोबर बहुतेक वेळा 'बाय' येईल. वेट, स्टे, वर्क, कीप, बी ओपन यांच्याबरोबर 'अंटिल'. 'प्लीज रिप्लाय टिल ईव्हिनिंग' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य आहे. शब्दशः घेतलं तर बिचाऱ्याने संध्याकाळपर्यंत उत्तरंच देत बसायचं.

नकारात मात्र दोन्ही बसतात आणि अर्थ बदलतो. 'ही वोन्ट बी हिअर अंटिल फाइव्ह' म्हणजे पाचपर्यंत तो इथे नसेल, पाचला येईल. 'ही वोन्ट बी हिअर बाय फाइव्ह' म्हणजे पाचपर्यंत त्याचं येणं जमणार नाही. नंतर कधी येईल ते सांगितलेलंच नाही. मीटिंग ठरवताना हा फरक महागात पडतो.

काडेपेटी

पण 'बाय फ्रायडे' म्हणजे गुरुवार संपेपर्यंतच ना? शुक्रवार त्यात धरत नाहीत असं वाचलंय.

खडूफळा

नाही. रोजच्या इंग्रजीत शुक्रवार धरतात. शुक्रवार वगळायचा असेल तर 'बिफोर फ्रायडे'. तरी पैशाचा किंवा दंडाचा मामला असेल तिथे वाद नको म्हणून करारात 'ऑन ऑर बिफोर' लिहितात. मेलमध्ये सरळ तारीख, वेळ आणि कुठल्या देशाची वेळ ते लिहावं: 'बाय ५ पीएम आयएसटी ऑन फ्रायडे, १४ मार्च'. नुसत्या 'बाय फ्रायडे'ने भारतातली संध्याकाळ धरायची की अमेरिकेतली, यावर निष्कारण चार मेल होतात.

खरा संदिग्ध आहे तो 'अंटिल'. 'ऑन लीव्ह अंटिल फ्रायडे' वाचून निम्मे लोक तुम्हाला शुक्रवारी फोन करतील. अमेरिकन ग्राहक असेल तर 'थ्रू फ्रायडे' लिहा, त्यात शुक्रवार नक्की धरतात. इतरांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे 'आय विल बी बॅक ऑन मंडे'. रजेच्या मेलमध्ये लोकांना तेवढंच हवं असतं.

तिसरी घंटा

आकड्यांचं मी घेतो. 'बाय' फरक सांगतो, 'टू' नवा आकडा सांगतो. मराठीत हे '२० ने' आणि '१८० वर' इतकं स्वच्छ आहे. दर २०० वरून १८० वर आला: 'रिड्यूस्ड बाय २० रुपीज', 'रिड्यूस्ड बाय १० पर्सेंट', 'रिड्यूस्ड टू १८० रुपीज'. तिन्ही बरोबर. शक्यतो दोन्ही एका वाक्यात द्या, म्हणजे एक चुकला तरी दुसऱ्यावरून पकडता येतो: 'रिड्यूस्ड बाय २० रुपीज, फ्रॉम २०० टू १८०'. रिझर्व्ह बँकेच्या बातम्याही अशाच असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर 'बाय २५ बेसिस पॉइंट्स, टू ६.२५ पर्सेंट' कमी झाला. आधी तो ६.५० होता, म्हणजे २५ बेसिस पॉइंट्स हा ०.२५ चा फरक.

इथे टक्क्यांचा एक सापळा आहे. व्याजदर ८ टक्क्यांवरून ९ टक्के झाला तर तो 'बाय १ पर्सेंट' वाढला असं सर्रास लिहितात. ८ चा १ टक्का म्हणजे ०.०८, त्यामुळे काटेकोर वाचणारा ८.०८ समजेल. बरोबर शब्द 'बाय १ पर्सेंटेज पॉइंट'. टक्केवारीच द्यायची तर वाढ 'बाय १२.५ पर्सेंट' आहे.

गणितातलं 'डिव्हाइड' पण बघा. 'डिव्हाइड ३० बाय हाफ' म्हणजे ३० भागिले अर्धा, उत्तर ६०. निम्मं करायचं असेल तर 'डिव्हाइड बाय टू' किंवा 'डिव्हाइड इन हाफ'. आणि ३/४ इंचाला आपण 'थ्री बाय फोर' म्हणतो, ते बाहेरच्या माणसाला तीन गुणिले चार अशा मापासारखं ऐकू येतं. पाइप, फिटिंगच्या ऑर्डरवर 'थ्री-क्वार्टर इंच' म्हणा. हॉटेलात 'वन बाय टू' सूप मागणं ही तर खास आपलीच सोय. इथल्या वेटरला कळतं, लंडनच्या वेटरला 'कॅन वी शेअर वन?' म्हणावं लागेल.

मोरपीस

४ राहिलं. 'ने'चे दोन वाटे करा. करणारा तो 'बाय', हातातलं साधन ते 'विथ'. 'द पॅनेल वॉज ओपन्ड बाय द टेक्निशियन विथ अ स्क्रूड्रायव्हर.' स्क्रूड्रायव्हर मोजता येणारी वस्तू, म्हणून त्याआधी 'अ' हवा.

पण निर्जीव वस्तू म्हणजे 'विथ' असा नियम करू नका. 'दगडाने काच फुटली' हे वाक्य घ्या. डोंगरावरून दगड घरंगळत आला असेल तर 'ब्रोकन बाय अ स्टोन', कोणीतरी मारला असेल तर 'ब्रोकन विथ अ स्टोन'. 'विथ' म्हटलं की मागे हात आहे असं सुचवलं जातं. विम्याच्या अर्जात किंवा अपघाताच्या अहवालात हा एक शब्द प्रकरण फिरवू शकतो. पाऊस, आग, वीज, वारा यांना 'बाय': 'डॅमेज्ड बाय रेन'.

'चा, ची, चं'चाही असाच घोळ आहे. 'रविवर्म्याचं चित्र' म्हणजे त्याने काढलेलं की ज्यात तो दिसतो ते? इंग्रजीत आधीच ठरवावं लागतं. त्याने काढलेलं ते 'अ पेंटिंग बाय', ज्यात तो दिसतो ते 'अ पेंटिंग ऑफ'.

प्रवासात 'बाय'नंतर नुसतं वाहन: 'बाय कार', 'बाय ट्रेन'. मध्ये 'माय' आला की 'बाय' जातो: 'इन माय कार'. 'बाय वॉक' नाही, 'ऑन फूट'. 'बाय मिस्टेक' हेच पूर्ण आहे, 'बाय मिस्टेकली' असा शब्द नाही. आणि 'बायहार्ट केलं' हे मराठीत खुशाल म्हणा, इंग्रजीत मात्र 'लर्न्ट इट बाय हार्ट'.

काडेपेटी

'बाय नाऊ' आणि 'टिल नाऊ'?

खडूफळा

'बाय नाऊ'ला आपल्याकडे तयार शब्द आहे: एव्हाना. 'ही शुड हॅव रीच्ड बाय नाऊ', एव्हाना पोहोचायला हवा होता. 'टिल नाऊ' म्हणजे आत्तापर्यंत चालू होतं, बहुधा आता बदललं. 'आत्तापर्यंत उत्तर आलं नाही' यासाठी 'टिल नाऊ'पेक्षा 'सो फार' किंवा 'यट' बरा.

'बाय द टाइम'च्या मागोमाग भविष्यकाळ लावू नका. 'तू पोहोचशील तोवर मी निघालेलो असेन' यात मराठीत दोन्हीकडे भविष्य आहे. इंग्रजीत पहिल्या भागात साधा वर्तमान: 'बाय द टाइम यू रीच, आय विल हॅव लेफ्ट'.

नटबोल्ट

मंडळी, आभार. 'उशिरात उशिरा' चिकटवून ठेवलंय समोर. सुधारून असं लिहिलं:

'आय विल बी ऑन लीव्ह थ्रू फ्रायडे अँड बॅक ऑन मंडे.'
'प्लीज सेंड द ड्रॉइंग्ज बाय ५ पीएम आयएसटी ऑन मंडे.'
'द रेट हॅज बीन रिड्यूस्ड बाय २० रुपीज, फ्रॉम २०० टू १८०.'
'द पॅनेल वॉज ओपन्ड विथ अ स्क्रूड्रायव्हर.'
'वी विल डिस्पॅच द मटेरियल बाय टू डेज.'

मोरपीस

पहिली चार पाठवा. पाचवं थांबवा: 'बाय'पुढे घड्याळातली वेळ किंवा कॅलेंडरवरचा दिवस लागतो, मुदत नाही. 'विदिन टू डेज' म्हणजे दोन दिवसांच्या आत केव्हाही, 'इन टू डेज' म्हणजे दोन दिवसांनी. ट्रक कधी निघणार ते बघून ठरवा.