मदत हवी आहे: गेथशेमाने बागेतली प्रार्थना मुलांना कशी समजवायची?

सर्वांना सलाम. खानापूर तालुक्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या बायबल-शिक्षणाचा, मोठा वर्ग घेतो. मुलं आठवी-नववीची, बहुतेक कन्नड माध्यमातली. मराठी बोलतात फर्डी, पण वाचताना अडखळतात. त्यामुळे जाड पुस्तकं सुचवू नका.

विषय त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव. पाणी-बर्फ-वाफेचा दाखला कृपया नको. त्यातून एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो असं वाटतं, आणि ती शिकवण ख्रिस्ती मंडळीने प्राचीन काळीच नाकारलीय. मी यार्देन नदीवरच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात केली (मत्तय ३:१६-१७): पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून. तिघं एकाच वेळी. हे पटलं. नायसियाच्या धर्मपरिषदेचं (इ.स. ३२५) ‘पुत्र पित्याशी एकतत्त्व’ हेही कसंबसं गळी उतरलं.

अडलं ते मत्तय २६:३९ वर. तिथे अटकेआधी गेथशेमाने बागेत येशू पित्याला प्रार्थना करतो: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागच्या बाकावरची एक मुलगी (नेमकी तीच, जी एरवी तोंड उघडत नाही) म्हणाली, “सर, दोघं एकच देव, तर ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ कसं?”

येशूच्या दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा, हा इ.स. ६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा निर्णय मला ठाऊक आहे. पण तो या वयाला सांगावा का? सांगायचा तर शुभवर्तमानातल्या कोणत्या प्रसंगावरून?