बीपी लो: कधी साखर-मिठाचं पाणी पुरतं आणि कधी गाडी काढायची?

उन्हाळा लागला, की जळगाव-धुळ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरोघरी ऐकू येतं, "माले चक्कर ई राहिनी." लगेच कुणीतरी सांगतं, बीपी लो झालं असेल, साखर-मिठाचं पाणी द्या. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. कधी मात्र त्यातच मोलाचा अर्धा तास जातो. रोज हे काम करणाऱ्यांनी इथे नेमकं लिहावं, ही विनंती. आपापल्या कहाण्या नकोत, हातातली माहिती हवी.

परिचारिका, चोपडा

आधी मोजण्याचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. कफ (यंत्राचा हवा भरायचा पट्टा) उघड्या दंडावर बांधा आणि दंड छातीच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. हात वर धरला तर आकडा कमी येतो, खाली लोंबत ठेवला तर जास्त. बारीक दंडाला मोठा कफ लावला तरी आकडा कमी दिसतो. आपल्याकडच्या कितीतरी किडकिडीत बायकांचं 'लो बीपी' हे त्या कफाचं असतं.

९०/६० च्या खाली गेलं तर कमी म्हणतात. पण जिचं कायमच ९०/५८ असतं आणि जी दिवसभर कापूस वेचूनही ठणठणीत असते, तिला औषध लागत नाही. उलट ज्याचं नेहमी १६० असतं त्याचं अचानक १०० आलं, तर यंत्रावर आकडा चांगला दिसला तरी काळजीचं आहे. म्हणून घरातल्या प्रत्येकाचा बरा असतानाचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

उठल्यावर अंधारी येत असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करा, कुणीतरी जवळ थांबा. पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय. सोबत नाडीही मोजा. बीपी पडताना नाडी भरभर वाढली तर बहुधा अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालंय. नाडी जागची हलली नाही तर जुन्या मधुमेहाने नसा बिघडल्यात का, किंवा नाडी मंद ठेवणारी गोळी चालू आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

फिजिशियन, धुळे

वरचं सगळं बरोबर. मी धोक्याचं लिहितो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. हातपाय गार आणि चिकट, दरदरून घाम, नाडी बारीक आणि वेगवान, असंबद्ध बोलणं, सहा-आठ तासांत लघवी नाही: यातलं काहीही कमी बीपीसोबत दिसलं, तर तो शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची जीवघेणी अवस्था) धरून चालायचं. नखाचा शेंडा पाच सेकंद दाबून सोडा. तीन सेकंदांतही गुलाबी रंग परतला नाही, तर रक्त टोकापर्यंत पोचत नाहीये. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा मोठा झाला, म्हणजे नाडी १२० आणि बीपी १००, तर थांबू नका.

डेंग्यूबद्दल मुद्दाम लिहितो. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण धोका नेमका तेव्हा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं. वरचा आकडा टिकून राहतो आणि खालचा वर सरकतो. १००/८५ बघून "बीपी तर नॉर्मल आहे" म्हणतात! दोन आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, तर पेशंट शॉकच्या उंबरठ्यावर आहे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हीसुद्धा तशीच लक्षणं.

आणखी तीन गोष्टी विचारायला विसरू नका. शौच डांबरासारखं काळं आहे का (सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरातून रक्त जातं), छातीत किंवा जबड्यात दुखतंय का, आणि बाईची पाळी चुकली असून पोटात दुखतंय का. गर्भ नळीत राहून फुटला तर रक्त पोटातच साचतं, बाहेर फारसं दिसत नाही.

मेडिकल स्टोअर, अमळनेर

प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाच्या छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेट, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन: या सगळ्यांनी उभं राहताना बीपी पडू शकतं. नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल (पुरुषांची लैंगिक ताकदीची गोळी) अजिबात घेऊ नये, जीवावर बेततं. जुलाब-उलट्या चालू असताना बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. मनाने बंदही करू नका.

आशा सेविका, रावेर तालुका

केळीच्या बागेत कापणीला जाणाऱ्या बायका लघवीला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मूळ दुखणं तिथे आहे. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने टाकू नका. जास्त घट्ट झालं तर जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. घोट घोट प्यायचं, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे, त्यांना मीठ वाढवून देऊ नका.

अ‍ॅम्ब्युलन्स, शहादा

घेरी आली तर आडवं झोपवा, पाय फूटभर वर उचला. खुर्चीत बसवून धरू नका, मेंदूला रक्त मिळत नाही. दम लागत असेल तर मात्र पाय वर नकोत, टेकून बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी नको, साखर नको. कुशीवर वळवा आणि १०८ लावा. कांदा हुंगवत बसण्यात वेळ घालवू नका. एका मिनिटात शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला तर बहुधा साधी भोवळ. तरी लगेच उभं करू नका, दहा मिनिटं पडून राहू द्या.

परिचारिका, चोपडा

म्हाताऱ्यांचं एक राहिलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे आणि आमरस पोटभर झाला, की रक्त पोटाकडे धावतं आणि तास-दोन तासांत बीपी उतरतं. थोडं थोडं जेवण द्या, जेवणाआधी ग्लासभर पाणी द्या आणि जेवल्यावर एकट्याला जिना चढू देऊ नका.

फिजिशियन, धुळे

"अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" म्हणणाऱ्यांसाठी: नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. डेक्स्ट्रोज ५ टक्केच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. तोंडाने पिता येत असेल तर दोन्ही घरात आहेत.