मोटरस्पोर्टच्या बातम्या लिहितो कोण?

चाकणकर (धागालेखक):
गेल्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल) शर्यतीला मी मुलांना घेऊन गेलो होतो. पहिली फेरी पाऊण तास उशिरा सुरू झाली, कारण ठरलेल्या दोन रुग्णवाहिकांपैकी एक आलीच नव्हती आणि ती आल्याशिवाय शर्यत सुरू करू देणार नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी ठामपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी बातमी वाचली. मजकूर शब्दशः एकच, ‘नेटके आयोजन’ तिन्हीकडे, आणि विजेत्याच्या आडनावातली वेलांटीची चूकसुद्धा तिन्हीकडे तीच. आयोजकांचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापले गेले होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. मार्च २०२४ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी नियतकालिकाने लेखिका केट वॅग्नर यांचा फॉर्म्युला वनमधील श्रीमंतीवरचा एक परखड लेख संकेतस्थळावर घातला आणि लगेचच काढून टाकला. मर्सिडीज संघातील भागीदार असलेल्या इनिओस कंपनीने वॅग्नर यांचा अमेरिकेतील ऑस्टिनच्या शर्यतीचा प्रवासखर्च केला होता, आणि हे त्यांनी लेखातच सांगितले होते. ज्या खेळात शर्यतीचे चित्रण खेळाचे मालकच करतात, पॅडॉकचा, म्हणजे ट्रॅकलगत संघ वावरतात त्या आवाराचा, पास नियामक संस्था देते आणि मुलाखतीच्या वेळी संघाचा प्रसिद्धी अधिकारी शेजारी उभा असतो, तिथे बातमीदाराच्या हातात स्वतःचे असे काय उरते? माझी मागणी साधी आहे: प्रवास, मुक्काम आणि पास यांचा खर्च कोणी केला, ते प्रत्येक बातमीखाली छापावे.

जुना बातमीदार:
मी बारा वर्षे वाहनविषयक नियतकालिकांत लिहिले आहे आणि आपल्या मांडणीशी मी सहमत नाही. तो लेख काढण्याचा निर्णय आपला होता, बाहेरून दबाव नव्हता, असे त्या संपादकांनी सांगितले आहे. शिवाय आत वावरल्याशिवाय बातमी मिळतच नाही. २००८ च्या सिंगापूरमधील फॉर्म्युला वन शर्यतीत रेनॉ संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, हे ऑगस्ट २००९ मध्ये जगापुढे आणले ते ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीच्या रेजिनाल्दो लेमे यांनी, आणि ते पॅडॉकमध्ये वर्षानुवर्षे वावरलेले होते. त्यानंतर महिन्याभरात रेनॉचे संघप्रमुख ब्रियातोरे आणि अभियांत्रिकी प्रमुख सायमंड्स यांना संघ सोडावा लागला. तिकीट काढून गॅलरीत बसलेल्या माणसाला ती बातमी कधी लागली असती काय?

आता पैशांचे. पुण्यातून निघणाऱ्या अंकाचा खर्च वाचकांच्या वर्गणीतून भागत नाही. चाचणीसाठीची मोटरसायकल कंपनी देते आणि जाहिरातही तीच देते. हे मला आवडत होते असे नाही, परंतु वाचक पैसे मोजायला तयार नसताना निव्वळ स्वातंत्र्याची अपेक्षा बातमीदाराकडूनच करणे अन्यायाचे आहे.

रायडरची आई, भोसरी:
माझी मुलगी मोटोक्रॉस खेळते. टायर, सुटे भाग, प्रवास हे सगळे आम्ही घरातून करतो. प्रायोजकाकडे जाताना मी बातम्यांच्या कात्रणांची फाईलच नेते, आणि ती कात्रणे प्रसिद्धिपत्रकांवरूनच आलेली असतात. तुम्ही म्हणता तशी टीका सुरू झाली आणि प्रायोजक बिचकले, तर शर्यतच होणार नाही. एवढाच विचार करा.

चाकणकर:
ताई, तुमची अडचण खरी आहे आणि ती कात्रणे बंद व्हावीत असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी दुसऱ्या रुग्णवाहिकेची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलांमध्ये तुमची मुलगीही असू शकली असती. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत दगावला. रुग्णवाहिका किती, डॉक्टर कुठे, मार्शलांना, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना, प्रशिक्षण कोणी दिले, हे प्रश्न अपघात होण्याआधी विचारणारा कोणीतरी हवा, आणि तो आयोजकांच्या खर्चाने आलेला नसावा.

बातमीदार साहेब, लेमे यांचे उदाहरण मान्य. पण २८ फेब्रुवारी २०२० आठवा. फेरारीच्या इंजिनाच्या चौकशीत एफआयए या नियामक संस्थेने फेरारीशी गुप्त समझोता केल्याचे जाहीर केले. फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सातही संघांनी जाहीर निषेध केला, तरी समझोत्याचा तपशील अधिकृतपणे आजवर बाहेर आलेला नाही. पॅडॉकमध्ये तेव्हाही पासधारक बातमीदारांची कमतरता नव्हती. आणि बाहेरून दबाव न येताही संपादक स्वतःहून लेख काढतो, ही गोष्ट मला दबावापेक्षा अधिक गंभीर वाटते.

जुना बातमीदार:
खर्चाचा उल्लेख छापण्याला माझी हरकत नाही. ती ओळ आम्ही फार पूर्वीच छापायला हवी होती. आत वावरणे गरजेचे आहे, हे माझे मत मात्र कायम आहे. त्या शर्यतीला मी असतो तर रुग्णवाहिकेची बातमी दिली असती का, याचा दोन दिवस विचार करतो आहे. बहुधा दिली नसती. पुढच्या वर्षीचा पास त्याच आयोजकांकडून घ्यायचा होता.