पोपडा खरवडला आणि सळई दिसली: घरदुरुस्तीचे तुमचे अनुभव सांगा

घराला रंग द्यायचा म्हणून सामान खोलीच्या मधोमध ओढून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या छताला एक पोपडा सुटला होता. तो खरवडून लांबी (पुट्टी) भरायची, एवढंच ठरलं होतं. रंगाऱ्याने पत्रा लावला आणि तळहाताएवढा तुकडा खाली आला. आत सळई. बोटाने चोळली तर तांबडा भुगा हाताला लागला.

मग गवंड्याने हातोडीने सगळं छत ठोकून पाहिलं. काँक्रीट धड तिथे टणक आवाज, सुटलेलं तिथे बद्द. बद्द वाजेल तिथे तो खडूने रेघ ओढत गेला. खाली उभी राहून मी बघत होते, अर्ध्याहून जास्त छत रेघांनी भरलं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. म्हणजे पोपडा दिसतो तोवर आत बराच काळ बिघाड चाललेला असतो. पाणी वरच्या न्हाणीघरातून झिरपत होतं. सुटलेलं काढणं, सळया घासून गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा गिलावा), आणि त्याआधी न्हाणीघराची जमीन उखडून वॉटरप्रूफिंग. रंगाचं बजेट कुठच्या कुठे राहिलं. मागच्या रंगकामात हाच पोपडा मी लांबीने बुजवून घेतला होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

तुमच्याकडे काय निघालं? कशावरून कळलं, काय केलंत, सविस्तर लिहा.

———

आमच्याकडे दाराची कडी बदलायची होती. सुतार स्क्रू पिळतोय, तो नुसता फिरतोय, पकड घेईना. त्याने स्क्रूड्रायव्हर चौकटीवर टेकवून दाबला तर मुठीपर्यंत आत गेला! बाहेरून रंग शाबूत, एक भोकसुद्धा नाही. वाळवी उजेडात येत नाही, लाकूड आतून पोखरते. चौकटीच्या मागून पेन्सिलीएवढी मातीची नळी जमिनीपासून वर गेली होती. तीन चौकटी आणि भिंतीतलं कपाट गेलं. नुसतं लाकूड बदलून भागत नाही, भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडावं लागलं.

———

पंख्याचा रेग्युलेटर बदलायला बोर्ड उघडला. न्यूट्रल वायरचं आवरण तपकिरी पडलेलं, वायरमनने जरा वाकवली तर तुकडे पडले. जोड ढिला होता. ढिल्या जोडाला उष्णता निर्माण होते, पण एकूण करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. मी वर्षभर ‘एमसीबी आहे ना’ म्हणून निर्धास्त होतो. दिवे मधूनच मंद व्हायचे, तेव्हाच बोर्ड उघडायला हवा होता. बाकीचे बोर्ड उघडले तर निम्म्यांत तीच अवस्था. पूर्ण वायरिंग नवीन केलं. घरात लहान मुलं आहेत, त्या खर्चाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही.

———

थोडक्यात लिहिते. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, टाकीऐवजी तो झिजावा म्हणून. आमचा कधीच संपला होता, कुणी पाहिलाच नाही. सर्व्हिसिंगला उघडला तेव्हा टाकी तळाशी गळत होती. नवीनच घ्यावा लागला.

———

टाकी धुवायची म्हणून घरातले सगळे नळ बंद केले होते. मीटरकडे लक्ष गेलं तर काटा फिरतोय. गळती कुठे दिसेना. आई म्हणाली, ‘अरे, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फरशी पायाला कोमट लागते.’ ती कित्येक दिवस म्हणत होती, मी ऊन येत असेल म्हणून सोडून दिलं होतं. फरशीखालून गरम पाण्याचा पाइप गेला होता, त्याचा जोड फुटलेला. दिवाणखाना अर्धा उखडला. तशी फरशी आता मिळत नाही, त्यामुळे सगळी बदलली.

या वेळी फरशी बसवण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढले, भिंतीपासूनचं अंतर दिसावं म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून.