अनुभव धागा : गोव्याचे किनारे. कुठल्या महिन्यात गेलात, पाणी कसं होतं?

वाशी :
डिसेंबरात आमच्या सोसायटीतली काही कुटुंबं गोव्याला निघाली आहेत, लहान मुलं आणि आज्यांसह. हॉटेलांची माहिती ढीगभर मिळते, किनाऱ्याची कुणी देत नाही. पाणी, वाळू, लाटा, पोहता आलं का, एवढंच लिहा. आपल्या नवी मुंबई-ठाण्यात खाडी रोज दिसते, पण तिच्याकडे बघून गोव्याच्या समुद्राचा अंदाज येत नाही.

घणसोली :
मे महिना, कोलवा. वाळूभर काळे मऊ गोळे. मुलीच्या तळव्यांना डांबर चिकटलं, साबणाने हलेना. शॅकवाल्या मावशींनी खोबरेल चोळून काढून दिलं. जहाजांनी समुद्रात सोडलेलं तेल घट्ट होऊन हे गोळे बनतात आणि पावसाळ्याआधीचा नैर्ऋत्येचा वारा ते किनाऱ्यावर आणतो. फार चीड येते याची. डिसेंबरात सहसा हा त्रास नसतो.

नौपाडा, ठाणे :
आज्या सोबत आहेत तर दक्षिण गोव्यातलं पाळोळेच (पालोलेम). जानेवारीत गेलो होतो. अर्धचंद्रासारखा किनारा, मंद लाटा, हळूहळू वाढणारी खोली. सासूबाई गुडघाभर पाण्यात निवांत उभ्या होत्या. ओहोटीला उत्तरेकडच्या बेटावर पाण्यातून चालत जाता येतं, पण भरतीची वेळ बघूनच निघा.

वाशी :
ताई, ती वेळ कळायची कशी?

दिवाळे कोळीवाडा :
मी सांगतो. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमीच चढतं-उतरतं. हा हिशोब आपल्या मुंबईकडच्या किनाऱ्याचा. गोव्यात भरती थोडी आधी येते आणि पाणीही आपल्या निम्मंच चढतं. आपल्याकडे उधाणाला चार-साडेचार मीटर, तिकडे दोनेक.
पण भरतीपेक्षा ओढ ओळखा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गप्प दिसतोय, तर नवखा माणूस हमखास तिथेच उतरतो. आलेलं पाणी तिथूनच आत परत जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर आडवे पोहा आणि लाटा फुटतात तिथून बाहेर या. नाहीच जमलं तर तरंगत राहा, हात वर करा. लाल झेंडा असेल तिथे मुलांना पाऊलही टाकू देऊ नका. दारू पिऊन तर कुणीच उतरायचं नाही.

बेलापूर :
ऑगस्टात गेलो. पोहायला बंदीच होती, वाळूतच फिरत होतो. भाच्याने निळा फुगा उचलला आणि किंचाळला. ब्लूबॉटल! जेलीफिशसारखा विषारी जीव, मेलेला असला तरी डसतो. जीवरक्षकाने चोळू दिलं नाही. समुद्राच्याच पाण्याने हात धुतला, मग सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवायला लावला. तासाभरात दुखणं उतरलं.

सानपाडा :
नाताळच्या आठवड्यात कळंगुट-बागा टाळा. पाय ठेवायला जागा नसते.

वाशी :
दादा, पंचांग काढून बसलोय, उपकार झाले. आता पाळोळेच ठरवतो. अजून एक : मोरजी आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. डिसेंबरात कुणी पाहिली का? मुलांना न्यावं, की आपल्या गर्दीचा त्यांना त्रासच होईल?