कॅम्पर व्हॅनचं लोन दुसऱ्या बँकेत न्यावं का? हप्ता २८ हजाराचा १९ हजार होतो म्हणतात

त्रिमूर्तीनगर_भटकंती
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज, दोन आठवडे झाले याच विचारात आहे.

मे २०२४ मध्ये मी सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली, १३ सीटर, पांढरी पाटी. बँकांनी जुनी गाडी म्हणून हात वर केले तेव्हा एका फायनान्स कंपनीकडून १२ लाख घेतले, ५ वर्षं, १४.५ टक्के फिक्स, हप्ता २८,२३४. मग हिंगण्याच्या एका गॅरेजमधून आतून कॅम्पर करून घेतली, सीटा काढल्या, दोन बंक, छोटा ओटा, फ्रीज, इन्व्हर्टर, वर एसी. त्याला कोणी लोन देईना म्हणून साडेतीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं १६ टक्क्यांनी. म्हणजे दोन हप्ते चालू आहेत.

गाडी घेतली ती मुख्यतः आईसाठी. तिचे गुडघे गेलेत, हॉटेलचे जिने होत नाहीत, बसमध्ये पाय लांब करता येत नाहीत. पहिल्यांदा खिंडसीला नेली तेव्हा ती मागच्या बंकवर दार उघडं ठेवून तलावाकडे बघत दोन तास पडून होती आणि मग म्हणाली की बाबा असताना आपण इथे आलो होतो. त्यामुळे गाडी विकायची नाहीच आहे, हे आधीच सांगतो.

आता २० हप्ते झाले. एका बँकेच्या एजंटचा फोन आला की ११ टक्क्यांनी ट्रान्सफर करून देतो, हप्ता १९,३८१ होईल. महिन्याला जवळपास ९ हजार वाचतात! घरी सगळे म्हणतात घेऊन टाक. मी करू का? आणि रिझर्व्ह बँकेनं लोन आधी फेडायचा चार्ज बंद केला असं वाचलं, ते मला लागू होतं का?

---

हिशोबी_मावशी
तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही आणि एजंटनंही बहुतेक सांगितली नसेल, १९,३८१ चा हप्ता किती महिन्यांचा? मी कर्ज विभागात २६ वर्षं काढली आहेत आणि हा आकडा बघूनच सांगते की तो ६० महिन्यांचा आहे. तुमचे उरलेत ४०.

कागद पेन घेऊन बसा. २० हप्त्यांमध्ये तुम्ही ५ लाख ६५ हजार भरलेत, त्यातले साधारण २ लाख ५६ हजार व्याजात गेले आणि मुद्दल ३ लाख ९ हजारांनीच उतरलं. आज बाकी ८ लाख ९१ हजाराच्या आसपास. आहे तसंच चालू ठेवलं तर ४० गुणिले २८,२३४ म्हणजे ११ लाख २९ हजार आणखी द्यायचे आहेत. नवीन बँकेत ६० गुणिले १९,३८१ म्हणजे ११ लाख ६३ हजार. दर साडेतीन टक्क्यांनी खाली आणि खिशातून जाणार ३३ हजार जास्त, वर २० महिने उशिरा सुटका. आणि यात खर्च अजून धरलेलाच नाही.

बरं, मुदत न वाढवता ११ टक्क्यांवर ४० महिनेच ठेवले तर? हप्ता येतो २६,७२० च्या आसपास, म्हणजे महिन्याला १,५०० वाचले, ४० महिन्यांत ६० हजार. आता जुन्या कंपनीचा फोरक्लोजर चार्ज, म्हणजे लोन मुदतीआधी बंद करण्याचा चार्ज, किती आहे ते सँक्शन लेटरमध्ये बघा. ४ टक्के असेल तर ३५,६०० आणि त्यावर जीएसटी, ४२ हजार झाले. नवीन बँकेची प्रोसेसिंग फी १ टक्का धरली तर जीएसटीसकट साडेदहा हजार. व्हॅल्युएशन, स्टॅम्प, आरटीओची धावपळ मिळून आणखी तीन-चार हजार. झाले ५६-५७ हजार. एवढ्या उलाढालीनंतर हाती उरतात तीन-चार हजार.

रिझर्व्ह बँकेचं म्हणाल तर नियम खरा आहे पण तुमच्या लोनला नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा रिन्यू झालेल्या लोनसाठी आहे आणि व्यक्तीनं धंद्यासाठी न घेतलेल्या फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या, रेटच्या लोनवर प्रीपेमेंट चार्ज घेता येत नाही असं त्यात आहे. तुमचं २०२४ चं आणि फिक्स. फिक्स असल्यामुळेच २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला तरी तुमचा हप्ता हलला नाही.

---

मानकापूरकर
मावशींचा हिशोब बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगतो, होमलोन चालू असेल तर त्यावर टॉपअप, म्हणजे त्याच घरावर वाढीव लोन, घ्या ना. दर कमी, फ्लोटिंग, पाहिजे तेव्हा फेडा, चार्ज नाही. मी कारचं असंच केलं. जुनं लोन बंद, आरसीवरचा बोजा पण निघाला, गाडी मोकळी.

---

हिशोबी_मावशी
@मानकापूरकर चालतं, पण एका अटीवर. टॉपअप १५ वर्षांचा घेतात लोक, हप्ता छोटा दिसतो म्हणून, आणि गाडी १० वर्षांत भंगारात गेली तरी तिचं कर्ज फेडत बसतात. शिवाय गाडीच्या लोनला तारण गाडी असते, टॉपअपला घर. मी घर जाताना बघितलेलं आहे, त्या बाई माझ्या टेबलासमोर बसून काही बोलल्या नाहीत, फक्त किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत होत्या. म्हणून घ्यायचंच तर मुदत गाडीच्या उरलेल्या हप्त्यांएवढीच ठेवा, ४० ला ४०.

---

वाडीवाला_भाऊ
भाऊ, व्याजाचं राहू द्या बाजूला, आधी हे सांगा की तुमच्या आरसीवर काय लिहिलं आहे? सीटिंग १३ च आहे का अजून? असेल तर कोणतीच बँक घेणार नाही, मी यातून गेलो म्हणून कळकळीनं सांगून राहिलो.

माझी पण अशीच ट्रॅव्हलर, मी पण आधी गॅरेजमध्ये नेली आणि मग कागदाचं पाहू म्हटलं. ट्रान्सफरसाठी फाईल टाकली, लॉगिन फी ३ हजार भरली. व्हॅल्युएशनवाला पोरगा आला, बोनेट उघडून चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घेतला, चार बाजूनं फोटो काढले, मग मागचं दार उघडलं आणि दोन मिनिटं काही बोललाच नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, बॉडी आणि सीटिंग आरसीप्रमाणे नाही. फाईल परत. ३ हजार गेले.

त्याच उन्हाळ्यात बुटीबोरीजवळ मागून ट्रक घासला. इन्शुरन्सचा सर्व्हेयर आला, त्यानं पण तेच धरलं. बंक, फ्रीज, इन्व्हर्टर काहीच पॉलिसीत चढवलेलं नव्हतं म्हणून त्याचा एक रुपया मिळाला नाही आणि बाकीच्या क्लेमसाठी पण चार महिने फिरलो.

कायदा असा आहे की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी पाहिजे. परवानगी न घेता केला तर कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि गाडीवर लोन असेल तर फायनान्सवाल्याचं लेखी संमतीपत्र पण लागतं. मोटर कॅरव्हानसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, एआयएस-१२४, बिल्डरकडे त्याचं अप्रूव्हल असेल तरच काम सोपं जाते. गॅरेजवाले याबद्दल काही सांगत नाहीत, त्यांना माहीतच नसते बहुतेक.

मी शेवटी अप्रूव्हल असलेल्या बिल्डरकडून पुन्हा फिटिंग करून घेतलं, फायनान्स कंपनीचं पत्र घेतलं, आरटीओत इन्स्पेक्शन झालं, साडेतीन महिने लागले पण नवीन आरसी आली. त्यानंतर पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज चढवल्या, त्याचा प्रीमियम किमतीच्या ४ टक्के असतो, जास्त नाही. आता रात्री पेंचला सिलारीच्या बाजूला गाडी उभी केली तरी झोप लागते.

---

त्रिमूर्तीनगर_भटकंती
वाडीवाले भाऊ, तुमचं वाचून ताबडतोब खाली जाऊन डॅशबोर्डमधून आरसी काढली. सीटिंग १३. पॉलिसीत पण १३ सीटर बस असंच आहे. आम्ही याच गाडीनं दिवाळीत समृद्धीनं शिर्डीला जाऊन आलो, आई आणि दोन्ही मुली मागे होत्या. हात गार पडले माझे.

मावशी, एजंटला फोन केला, मुदत ६० महिनेच निघाली. सँक्शन लेटर पण शोधलं, फोरक्लोजर २४ हप्त्यांच्या आत ४ टक्के, नंतर ३ टक्के. मग चार महिने थांबून करावं का? आणि अजून एक डोक्यात होतं, शनिवार-रविवार गाडी ताडोबा-पेंचच्या टुरिस्टना भाड्यानं दिली तर हप्ता सुटेल का?

---

हिशोबी_मावशी
थांबून केलं तर बाकी ८ लाख २० हजार असेल, ३ टक्के आणि जीएसटी मिळून २९ हजार, बाकी खर्च धरून ४३ हजाराच्या आसपास, आणि ३६ महिन्यांत वाचणार साधारण ५० हजार. सात हजारांचा फायदा. मी असते तर यासाठी फाईल हलवली नसती.

तुमचं महाग कर्ज १६ टक्क्यांचं पर्सनल लोन आहे, त्याच्याकडे बघा. हातात काही पैसे असतील, एखादी एफडी मोडायच्या बेतात असेल, तर ते आधी उतरवा, आधी त्याचाही प्रीपेमेंट चार्ज बघून घ्या. पार्ट पेमेंट करताना हप्ता कमी करायचा की मुदत कमी करायची असं विचारतात, तेव्हा मुदत सांगा.

आणि पुढे कधी कोणीही लोन देऊ केलं तर केएफएस मागा, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल टर्म लोनला ते देणं बंधनकारक आहे, त्यात एपीआर म्हणजे सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. काही जण अजून फ्लॅट दर सांगतात, म्हणजे मुद्दल उतरत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच. १० लाखाला ८ टक्के फ्लॅट ५ वर्षं म्हटलं की हप्ता २३,३३३ होतो आणि घटत्या शिल्लकीवर तो १४.१ टक्के पडतो. आठ ऐकून लोक सही करतात.

---

वाडीवाला_भाऊ
भाड्याचं नका करू बाप्पा. पांढऱ्या पाटीवर भाडं घेणं बेकायदा आहे आणि त्या फेरीत काही झालं तर इन्शुरन्स हात झटकते. भाड्यानं द्यायची तर पिवळी पाटी, परमिट, पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस आणि नंतर दरवर्षी. लोन पण मग कमर्शियलचं, त्याचा करार वेगळा. राज्याचं कॅरव्हान पर्यटन धोरण आहे २०२१ पासूनचं, धंदाच करायचा असेल तर पर्यटन संचालनालयात नोंदणी करून रीतसर करा, पण घरच्या गाडीवर नाही.

---

केळवद_ते_ह्यूस्टन
विषय निघाला म्हणून लिहिते. माझा नवरा इकडे टेक्सासमध्ये कामाला आहे, शेजारी बऱ्याच लोकांकडे आरव्ही आहेत. इकडे आरव्हीचं लोन १०-१५ वर्षांचं सर्रास मिळतं, मोठ्या गाडीला २० पण. आत झोपायची, स्वैपाकाची आणि संडासाची सोय असली की टॅक्समध्ये दुसरं घर धरून व्याजाची वजावट घेता येते. ऐकायला छान वाटतं पण शेजारच्या आजोबांना आरव्ही विकायची होती तर गाडीची किंमत लोनच्या बाकीपेक्षा कमी आली, विकायची तर वरून पैसे भरायचे. रिफायनान्सला गेले तर बँकेनं त्याच कारणानं नकार दिला. त्यामुळे ५ वर्षांचं लोन बरंच आहे दादा, लांबवू नका. आणि खिंडसीचं वाचून रामटेकची फार आठवण आली.

---

त्रिमूर्तीनगर_भटकंती
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं. मार्चमध्ये दीड लाखाची एफडी मॅच्युअर होते, चार्ज बघून ती पर्सनल लोनमध्ये टाकणार, मुदत कमी करून. फायनान्स कंपनीला बदलाच्या संमतीपत्रासाठी आज मेल केला आणि सोमवारी आरटीओत जाऊन काय काय लागेल ते लेखी विचारून येतो. वाडीवाले भाऊ, तुमच्या बिल्डरचा पत्ता मेसेजमध्ये पाठवाल का, आणि आधीचं फिटिंग पूर्ण काढावं लागलं की काही राहिलं ते पण सांगा, बंक तरी वाचले तर बरं.

तोपर्यंत गाडी घराखाली कडुनिंबाच्या सावलीत उभी आहे. आईला सांगितलं की कागद नीट होईपर्यंत कुठे जायचं नाही, तर ती म्हणाली चालेल, पण संध्याकाळी दार उघडून दे, मी आत बसून भाजी निवडते.

---

वाडीवाला_भाऊ
पत्ता पाठवला. माझे बंक वाचले होते, फक्त पट्ट्या आणि वायरिंग बदलावं लागलं. सोमवारी ११ च्या आधी जा, नंतर गर्दी होते, आणि आरसी, पॉलिसी, पीयूसी, लोनचं पत्र सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. मी मोकळा आहे, पाहिजे तर येतो सोबत.